पाइप पुरतो का ते आधी बघा

पहाटे ४.४५

नळाने आधी हवा सोडली, मग दोन गुळण्या टाकल्या, मग धार लागली. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या आमच्या गल्लीत दिवस असा सुरू होतो. पाणी तासभर असतं. आईने पाइप निळ्या पिंपात सोडला. पिंप भरलं की पाइप टाकीत, टाकी भरली की हंड्यात, शेवटी कळशी आणि बादल्या. नळ एकदाही बंद होत नाही आणि भरलेलं भांडं जागचं हलत नाही. हलतो तो पाइप. मी लोकांच्या घरच्या मोठ्या फिशटँकचं पाणी बदलून देतो. त्या धंद्याचं निम्मं शिक्षण मी या मोरीत घेतलंय.

वडील ओट्यावर फाटकं जाळं घेऊन बसले होते. भरती उशिरा होती. त्यांचं वाक्य तयारच असतं: "आम्ही जन्मभर मासे धरले, तू त्यांची मोरी साफ करत फिर." यावर उत्तर नाही. चहा घेतला आणि निघालो.

सकाळी ६.३०

स्कूटरच्या पायाशी एक पोतं. त्यात पाऊण इंची पारदर्शक पाइपाचं पंधरा मीटरचं वेटोळं, पाण्यात बुडवायचा छोटा पंप, होज क्लिपा, टेफलॉन टेप, थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या, हायपोचे खडे, जुने टॉवेल. बादली एकच, तीही पंप ठेवायला.

पाइप पाऊण इंचीच का, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं, कारण फिशटँकच्या दुकानात मिळणारी सायफनची नळी त्याहून बारीक असते. फरक दिसायला पाव इंचाचा आहे. पण टाकीपासून मोरीपर्यंत आठ मीटर अंतर असेल, तर जे पाणी अर्ध्या इंचीतून उतरायला वीस मिनिटं घेतं, ते पाऊण इंचीतून सातेक मिनिटांत उतरतं. पाइप बारीक असला की पाण्याचा जोर त्याच्या भिंतींना घासण्यातच संपतो. हजारांचे फिल्टर घेणारी माणसं पाइपात पन्नास रुपये वाचवतात आणि मग "पाणी बदलायचं म्हणजे अख्खा रविवार जातो" म्हणतात.

अणुशक्तीनगरच्या गेटाशी कामावर जाणाऱ्यांची गर्दी सुरू झालेली. सायन-ट्रॉम्बे रस्त्याने मी देवनारला वळलो.

सकाळी ७.३०

अठरावा मजला. वॉचमनने नेहमीप्रमाणे सामानाच्या लिफ्टकडे बोट दाखवलं. मागे कोणीतरी टाकीचं पाणी बादल्यांनी खाली नेताना मुख्य लिफ्टमध्ये सांडलं होतं, तेव्हापासून पोतं दिसलं की ही लिफ्ट.

काकूंकडे सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी आणि तिच्यात एकटा अरोवाना. वास्तूसाठी आणला होता. आता घरातलं लेकरू आहे. टाकीचा हिशेब सोपा: लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, गुणाकार करा आणि त्याला २८.३ने गुणा, लिटर निघतात. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे ६८० लिटर. वरचे चार इंच रिकामे ठेवले की राहिले साधारण ५६५. आठवड्याला चौथाई बदलायचं तर १४० लिटर. हे काम काकूंचे यजमान आधी बादलीने करायचे. पंधरा लिटरच्या बादलीने दहा खेपा बाहेर, दहा खेपा आत, मिळून २८० किलो वजन. साठीचा माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळतो, चौथ्या आठवड्यात पाठ धरते, आणि मग दोन महिने पाणी बदललंच जात नाही. मासा त्या दोन महिन्यांनी मरतो.

माझ्या मते या विषयात एवढंच महत्त्वाचं आहे. थोडं पण नेमाने बदललेलं पाणी माशाला मानवतं, आणि नेम तेव्हाच टिकतो जेव्हा कामात उचलणं नसतं. बाकी सगळी अवजारं त्यासाठी.

काकूंच्या मुलाने न्यू जर्सीहून एक किट पाठवलं होतं. ते नळाच्या तोंडाला लावायचं. नळाची धार जोरात गेली की तिच्या ओढीने टाकीतलं पाणी खेचलं जातं, आणि त्याच पाइपातून पाणी उलट दिशेने सोडून टाकी भरायची. तिकडे हे लोकप्रिय आहे. इथे बाथरूमच्या नळाला पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीतून. वरच्या मजल्यांवर धार असते, पण खेचण्याइतका जोर नसतो. आणि जोर असता तरी, टाकीतलं पाणी खेचून काढायला नळाचं चांगलं पाणीही बरोबरीने मोरीत सोडावं लागतं. मुंबईत हे मला पटत नाही. किट खोक्यात गेलं.

त्याऐवजी जे केलंय ते असं. टाकीच्या मागच्या काचेवर भरलेल्या पाण्याच्या पातळीपासून खाली पाच इंच मोजून काळी चिकटपट्टी लावली आहे. सहा बाय दोनच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर, तेव्हा पाच इंच म्हणजे १४०. मोजायला दुसरं काही नको. पाइपाचं आतलं टोक जाळीच्या टोपीसकट टाकीत, दुसरं कोरड्या बाल्कनीतल्या नाल्यात. तोंडाने ओढायचं नाही; पाइप आधी पाण्याने भरून घ्यायचा, अंगठा लावायचा आणि टोक खाली नेऊन अंगठा काढायचा. त्याआधी हीटर असेल तर तो आणि फिल्टर बंद. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते.

पट्टी उघडी दिसली की सायफन काढला. आता भरणं. बाल्कनीत २०० लिटरचा निळा ड्रम आहे, त्याला आपल्या घरच्या फ्लश टाकीत असतो तसा बॉल कॉक. रात्री नळ सोडून ठेवला की ड्रम आपोआप भरतो आणि आपोआप थांबतो. आत हवेचा दगड रात्रभर बुडबुडे सोडतो, त्याने बहुतेक क्लोरीन उडून जातो. उरलासुरला काढायला मी हायपो टाकतो. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम लागतं, म्हणजे एवढ्या पाण्याला फार तर चहाच्या चमच्याचा थोडा भाग. मग पंप ड्रममध्ये, पाइप टाकीच्या काठावर.

पंपाच्या खोक्यावर ३००० लिटर ताशी लिहिलेलं असतं. तो आकडा पाणी शून्य उंचीवर चढवण्याचा. इथे टाकीचा काठ जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे. तितकं चढवताना निम्माच वेग मिळतो. तरी सहाएक मिनिटांत पाच इंच भरतात. पाइपाचं तोंड मी पाण्यात बुडू देत नाही. बुडलं आणि पंप बंद केला की टाकीतलं पाणी त्याच पाइपातून उलटं ड्रममध्ये यायला लागतं. कोणाला बुडवायचाच असेल तर काठाजवळ पाइपाला बारीक भोक पाडावं; पाणी त्या भोकाखाली गेलं की हवा शिरते आणि ओढ तुटते.

अरोवाना कोपऱ्यात जाऊन स्थिर राहिला होता. झाकण मी पूर्ण काढत नाही, हा मासा उडी मारतो. काकू म्हणाल्या, "दादा, आज तुम्ही माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्यांत आटोपलंत." मग टॉवेलने फरशी, आणि पोहे.

सकाळी १०

चेंबूरला एक काका राहतात, मूळचे जळगावचे, ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे मी पाणी बदलायला जात नाही, फिल्टर धुवायला जातो. पाणी त्यांचं आपोआप बदलतं.

टाकीला वरच्या बाजूला भोक पाडून टँक निपल बसवलंय. पाणी त्या पातळीवर गेलं की आपणच पाइपातून खाली जातं. वरून आत येतं ते ठिबकचं. अक्षरशः ठिबक: गावाहून आणलेला शेतातला ड्रिपर, तासाला दोन लिटरचा. त्याआधी गाळ अडवायला एक जाळी आणि क्लोरीनसाठी कोळशाची कांडी. ना पंप, ना मोटर, ना मोबाइलवरचं ॲप. गेलो की काका सोफ्यावर पेपर वाचत असतात आणि कोपऱ्यात टप टप चालू असते. सहा फुटी टाकी सांभाळायची याहून सोपी रीत मी पाहिलेली नाही.

पण काका शास्त्रज्ञ आहेत, स्वतःच्या सोयीचाही हिशेब मांडतात. ड्रिपर दिवसाला ४८ लिटर सोडतो, आठवड्याला ३३६. मात्र आत आलेलं नवं पाणी जुन्यात मिसळतं आणि बाहेर जाताना काही नवंही जातं. त्यामुळे ५६५ लिटरच्या टाकीत आठवड्याला ३३६ लिटर वाहूनही जुनं पाणी ४५ टक्केच निघतं. तेवढंच जुनं पाणी एकदम सायफनने काढलं असतं तर २५५ लिटरमध्ये भागलं असतं. टाकीभर पाणी ठिबकून वाहून गेलं तरी ६३ टक्केच बदल होतो, हे त्यांनी मला वहीवर गणित करून दाखवलं. गणित मला अर्धं कळलं, आकडा लक्षात राहिला.

दुसरा त्यांचा हिशेब मला जास्त उपयोगी पडतो. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट टाकीत साठतं, ते काढायलाच पाणी बदलायचं. ते आठवड्याला १० ने वाढत असेल आणि तुम्ही चौथाई पाणी बदलत असाल, तर कितीही वर्षं गेली तरी ते ४० च्या वर जात नाही. अर्धं बदलत असाल तर २० वर थांबतं. वाढ भागिले बदलाचा हिस्सा. माशांना खायला कमी घातलं की वाढच कमी, आणि तेही एक प्रकारे पाणी बदलणंच झालं. गिऱ्हाइकांना हे सांगितलेलं आवडत नाही.

महापालिकेचा पाणीपुरवठ्याचा जुना निकष इमारतीत माणशी रोज १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५. काकांचा एक ड्रिपर ४८ सोडतो. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या खेपेला निघणारा पाइप बाल्कनीतून खाली सोसायटीच्या बागेतल्या ड्रममध्ये उतरवलेला होता. नायट्रेटचं पाणी झाडांना खतच. माळी खूश आहे. २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागली, तेव्हा काकांनी ड्रिपर बंदच केला होता आणि मला सायफन घेऊन बोलावलं होतं.

दुपारी १२.३०

मे महिन्यात या वेळी मी नळाचं पाणी थेट फिशटँकमध्ये घालत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाक्या सकाळपासून तापलेल्या असतात. आज एका घरी फक्त फिशटँकमधली झाडं कापायला गेलो होतो. नळाखाली थर्मामीटर धरला तर ३८, फिशटँकमध्ये २९. एवढ्या फरकाचं पाणी ओतलं तर मासा दोन दिवसांत आजारी पडतो, आणि मालक म्हणतो क्लोरीन लागला. जानेवारीत उलटं, पहाटेचं नळाचं पाणी गार असतं आणि अंगावर पांढरे ठिपके येतात. दोन अंशांच्या आत फरक हवा. ड्रम भरून सावलीत ठेवलेला असला की हा प्रश्नच येत नाही, पाणी घराच्या तापमानाला आलेलं असतं.

डबा सावलीत बसून खाल्ला. सुकट आणि भाकरी.

दुपारी २

दातांचा दवाखाना, दुपारी बंद असतो म्हणून ही वेळ. चार बाय दीड फुटांची टाकी, पाच गोल्डफिश. या मापात एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर, एक बादली. तीन महिने कोणी हात लावलेला नाही. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ, किंचित पिवळसर. कंपाउंडर म्हणाला, "पूर्ण रिकामी करून, घासून, नवीन पाणी भरून द्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

मुंबईत बहुतेकांच्या मते पाणी बदलणं म्हणजे हेच. आणि इथेच सगळ्यात जास्त मासे मरतात. पीएचची पट्टी बुडवली: ६. तानसा-वैतरणेचं तलावाचं पाणी मऊ असतं, आम्ल अंगावर घेण्याची ताकद त्यात कमी. महिनोन्‌महिने घाण साठली की पीएच खाली उतरत जातो. त्या आंबट पाण्यात अमोनिया असतो, पण निरुपद्रवी रूपात. त्यात एकदम भरपूर ताजं पाणी आलं की पीएच वर जातो आणि तोच साठलेला अमोनिया विषारी होतो. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून असतात. मग लोक म्हणतात, पाणी बदललं म्हणून मेले. खरं तर तीन महिने बदललं नाही म्हणून मेले.

मी एक इंच काढलं आणि साठवलेल्या पाण्याने एक इंच भरलं. कंपाउंडरला वाटलं मी काम चुकवतोय. त्याला कागदावर लिहून दिलं: रोज सकाळी एक बादली काढ, आदल्या दिवशी भरून ठेवलेली एक बादली घाल, दहा दिवस. मग मी येतो. फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या बादलीत पिळला. नळाखाली धरला असता तर क्लोरीनने जीवाणू मेले असते आणि अमोनिया खायला कोणी उरलं नसतं. डॉक्टरांना फोन करून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की मग आजचे पैसे किती. निम्मे.

दुपारी ४.३०

हार्डवेअरचं दुकान. दोन टँक निपल, एक बॉल कॉक, चार एल्बो. फिशटँकच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू इथे प्लंबरच्या भावात मिळतात. मालकाने पुन्हा विचारलं, "फ्लॅटमध्ये की बोअरिंगला?"

संध्याकाळी ५.४५

परत ट्रॉम्बेकडे. चिता कॅम्पमध्ये एक भाई आहेत, दहा बाय बाराच्या खोलीत गप्पी आणि फायटर वाढवतात. रविवारी माल कुर्ल्याच्या बाजारात जातो. लोखंडी मांडणीवर तीन ओळींत दीड-दीड फुटांच्या टाक्या. आजच्या नवीन टाक्यांना भोक पाडायचं काम माझं. ओल्या काचेवर हिऱ्याचा कटर, जोर न देता, वरून पाण्याची बारीक धार. भोक पडायला दोन मिनिटं लागतात आणि घाई केली तर एका सेकंदात काच जाते. कडक काच असेल तर भोक पडतच नाही, अख्खी टाकी चुरा होते, म्हणून कटर लावायच्या आधी ती साधी आहे ना हे विचारून घेतो.

भाईंची पद्धत देवनारपेक्षा भारी आहे. प्रत्येक टाकीला वर निपल, सगळे निपल एका आडव्या पाइपात, तो पाइप कोपऱ्यातल्या पिंपात. पहाटे भरलेलं पाणी दिवसभर मुरतं. संध्याकाळी त्यांची मुलगी मग घेऊन एकेक टाकीत दोन मग ओतते. जितकं वरून जातं तितकं निपलातून निघतं. सायफन नाही, पंप नाही, मोजायचं नाही. तिचा गृहपाठ मांडणीवरच ठेवलेला असतो. एक ओळ संपली की दोन गणितं. पिंपात जमलेलं पाणी संडासात आणि ओटा धुवायला जातं. या घरात पाणी विकत घेण्याची वेळ अधूनमधून येते, आणि माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात कमी मासे इथे मरतात.

भाईंनी सांगितलं, परवा टँकरचं पाणी आलं होतं, तेव्हा ते माशांना दिलं नाही. बरोबर केलं. टँकर विहिरीचा असला तर पाणी जड असतं, खाडीच्या बाजूचं असेल तर खारटही. टीडीएस मीटर दोनशे-अडीचशे रुपयांत मिळतो. नळाच्या पाण्याचा आकडा ओळखीचा झाला की वेगळं पाणी आलेलं लगेच कळतं. पावसाळ्यात पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं तर दोन दिवस बदलू नये, मासे दोन दिवस थांबतात.

रात्री ८.३०

घरी आलो तर फोन. मुलुंडहून एक ताई. मुलासाठी पाच फुटी टाकी घ्यायची आहे, हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीला, दुकानदार उद्याच आणून देतोय. कोणते मासे ठेवू, फिल्टर कोणता, खाली लाइट निळा चांगला की पांढरा.

मी विचारलं, त्या भिंतीपासून बाथरूमची किंवा बाल्कनीची जाळी किती फुटांवर आहे? वाटेत उंबरठा आहे का? ड्रम ठेवायला दोन बाय दोन फूट जागा कुठे आहे? ताई गप्प. मग म्हणाल्या, "मोजून सांगते."

तुम्हीही मोठी टाकी घेणार असाल तर मासे, लाइट, फिल्टर सगळं नंतर ठरवा. टाकी नाल्याच्या जवळच्या भिंतीला ठेवा, ड्रमची जागा आधी पक्की करा, आणि काच साधी असेल तर दुकानातच वरच्या बाजूला एक भोक पाडून घ्या, वापरा किंवा बूच लावून ठेवा. टाकी भरल्यानंतर तिला भोकही पाडता येत नाही आणि हलवताही येत नाही.